यंत्राचे लक्ष आणि ड्रायव्हरची नजर

‘लक्ष दे’ हे शब्द आपल्या घरांत दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दूध उतू जाईल, लक्ष दे. अभ्यासात लक्ष दे. रस्ता ओलांडताना लक्ष दे. लक्ष देणे म्हणजे नेमके काय करणे, हे मात्र आम्हांला कुणी शिकवले नाही आणि आम्हीही मुलांना शिकवले नाही. आता हीच गोष्ट यंत्राला शिकवण्याचे काम जगभर चालले आहे, आणि ते उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातही येऊन बसले आहे. आमची धाकटी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चालत्या रोबोने समोरच्या दृश्यातले आधी काय पाहावे आणि पाहून काय समजावे, हा तिच्या प्रोजेक्टचा विषय. वस्तीतल्या बाया विचारतात, "पोरगी काय करून राहिली वं?" तर धड सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. आम्ही दोघे नवरा-बायको मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. इथे जे शास्त्राचे लिहिले आहे ते तिला दहादा विचारून, तिने रागावून रागावून समजावलेले आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत आणि हा सगळा कारखाना सुमारे २० वॅटवर चालतो, म्हणजे एका लहान दिव्याच्या विजेवर. एवढा मोठा मेंदू असूनही समोरचे सगळे एकदम पाहणे त्याला जमत नाही. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढाच भाग डोळ्याला अगदी स्वच्छ दिसतो, भोवतीचे सारे धूसर. आपल्याला तसे वाटत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारून एकेक जागा टिपत असतो. कुठे उडी मारायची हे ठरवणे, यालाच शास्त्रज्ञ लक्ष किंवा अवधान म्हणतात.

मुलीने हे आम्हांला दीक्षाभूमीचे उदाहरण देऊन सांगितले. अशोक विजयादशमीला तिथे लाखोंची गर्दी असते आणि बहुतेकांच्या अंगावर पांढरे कपडे. त्या गर्दीत लाल फ्रॉक घातलेले लेकरू हरवले, तर नजर टाकताच ते दिसते. गर्दी दुप्पट झाली तरी फारसा फरक पडत नाही. लाल रंग आपणच उठून डोळ्यात शिरतो. पण हरवलेली आपली म्हातारी आई असेल, पांढरे लुगडे, हातात पिशवी, तर प्रत्येक चेहरा तपासावा लागतो. गर्दी जितकी जास्त तितका वेळ जास्त. ॲन ट्रिझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली आपल्या सहकाऱ्याबरोबर हाच फरक प्रयोगांनी मांडला होता. त्यांनी तो रंगीत अक्षरांवर दाखवला. आम्ही तो दर वर्षी पायांनी अनुभवलेला आहे.

दुसरी गोष्ट आम्हांला जास्त आवडली. आल्फ्रेड यार्बुस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने लोकांना एकच चित्र दाखवले. बऱ्याच काळाने एक माणूस अचानक घरी परततो आणि घरातली माणसे चकित होऊन त्याच्याकडे पाहतात, असे ते रेपिनचे चित्र. बघणाऱ्याचे डोळे कुठे कुठे फिरतात ते त्याने यंत्राने टिपले. ‘या घरची परिस्थिती कशी असेल?’ असे विचारले, की डोळे कपड्यांवर आणि सामानावर जात. ‘या माणसांची वये किती?’ असे विचारले, की तेच डोळे चेहऱ्यांवर जात. त्याचे पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आले. चित्र एकच, डोळे तेच, प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलते. म्हणजे लक्ष दोन बाजूंनी चालते. काही गोष्टी बाहेरून ओढतात, जसा लाल फ्रॉक. काही आपण मनात ठेवून शोधतो.

आमचे वडील एम्प्रेस मिलच्या सूतखात्यात होते. शेकडो चात्या एकाच वेळी फिरायच्या, आवाजाने कान बधिर व्हायचे, आणि त्यात कुठला धागा तुटला ते त्यांना चालता चालता दिसायचे. आम्ही लहानपणी विचारायचो, एवढ्यातून कसे दिसते? ते म्हणायचे, न तुटलेले धागे पाहायचेच नाहीत. मुलीने आजोबांना पाहिले नाही. पण तिने हे वाक्य आपल्या वहीत लिहून ठेवले आहे, कारण तिच्या सरांनी एक तास घेऊन जे शिकवले ते हेच होते म्हणे.

आता यंत्राकडे येऊ. मज्जापेशींची नक्कल गणिताने करता येईल हा विचार १९४३ साली मॅकलॉक आणि पिट्स या दोघांनी मांडला. १९५८ साली रोझेनब्लॅट यांनी शिकणारे एक साधे जाळे मांडून दाखवले. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या मेंदूत शोधून काढले की काही पेशी फक्त आडव्या रेघेला जाग्या होतात, काही फक्त उभ्या. त्यांना १९८१ साली नोबेल मिळाले. त्याच धर्तीवर जपानच्या फुकुशिमा यांनी १९८० साली थरावर थर असलेले पाहणारे जाळे बनवले. पुढे अनेक वर्षे या कामाला कुणी फारसे विचारत नव्हते. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल हॉपफील्ड आणि हिंटन यांना याच कामासाठी मिळाले, तेव्हा मुलगी दिवसभर खूश होती; घरात पेढे आणा म्हणत होती.

लक्षाचा धागा यात वेगळा आहे. कोख आणि उल्मान यांनी १९८५ साली सुचवले की मेंदूत दृश्याचा एक नकाशा तयार होत असावा, आणि जे ठिकाण जास्त उठून दिसते ते त्यात जास्त उजळ असावे. १९९८ साली इट्टी, कोख आणि नीबर यांनी त्याचा संगणकावर चालणारा नमुना केला. तो चित्रातला उजेड, रंग आणि रेघांचा कल वेगवेगळा तपासतो आणि सगळे एकत्र करून ‘इथे आधी बघ’ असे सांगतो. आमच्या मुलीचा पहिला प्रोग्राम असाच होता. तिने आमच्या स्वयंपाकघराचा फोटो त्यात टाकला, तर यंत्राने गॅसवरचे दूध सोडून भिंतीवरच्या कॅलेंडरला लाल ठिपका दिला. रंगीत होते ना ते!

पुढचा टप्पा भाषांतराच्या निमित्ताने आला. २०१४ साली बहदानौ, चो आणि बेंजिओ यांनी असे जाळे केले की ते भाषांतराचा प्रत्येक शब्द लिहिताना मूळ वाक्यातल्या कोणत्या शब्दाकडे जास्त पाहायचे ते स्वतः शिकते. २०१७ साली गूगलमधल्या आठ जणांनी सगळी रचनाच या ‘लक्षा’वर उभी केली. त्या आठांतल्या निकी परमार यांचे इंजिनिअरिंग पुण्यात झाले. हे आम्ही मुद्दाम लिहितो. पुण्याच्या कॉलेजातून निघालेली मुलगी तिथवर गेली हे आपल्या मुलींना कळू द्या.

हे ‘लक्ष’ चालते कसे? मुलीने दोन वाक्ये लिहून दिली. ‘म्हैस आडवी आली आणि बस थांबली, कारण तिचे ब्रेक चांगले होते.’ आणि ‘म्हैस आडवी आली आणि बस थांबली, कारण ती रस्त्यातून हलेना.’ मराठीत म्हैसही ‘ती’ आणि बसही ‘ती’. पहिल्या वाक्यातले ‘तिचे’ बसचे, दुसऱ्यातली ‘ती’ म्हैस. आपल्याला विचार करावा लागत नाही. यंत्र काय करते, तर प्रत्येक शब्दाने दुसऱ्या प्रत्येक शब्दाला गुण द्यायचे. ‘ब्रेक’ शब्दामुळे ‘तिचे’ने बसला जास्त गुण द्यावेत, ‘हलेना’मुळे ‘ती’ने म्हशीला द्यावेत. लाखो वाक्ये पाहून हे गुण देणे ते शिकते. २०२० साली हीच युक्ती चित्रांवर चालवली गेली: चित्राचे चौकोनी तुकडे करायचे आणि तुकड्यांनी एकमेकांना गुण द्यायचे.

इथे मुलगी एका गोष्टीवर अडून बसते. ती म्हणते, नाव लक्ष असले तरी ही मेंदूची हुबेहूब नक्कल नव्हे. मेंदू निवड करतो कारण त्याला सगळे परवडत नाही. महिन्याच्या शेवटी घरात शंभर रुपये उरले तर आधी गॅस, मग भाजी, असे ठरवावे लागते, तसे. मोठे यंत्र श्रीमंत आहे. ते सगळ्यांकडे बघते, सगळ्यांना गुण देते, आणि त्यासाठी कारखान्याएवढी वीज खाते. पण चार चाकांच्या लहान रोबोच्या पाठीवर एवढी वीज कुठून येणार? त्याची बॅटरी तासाभरात संपते. तोही आपल्यासारखाच गरीब. म्हणून रोबोला पुन्हा मेंदूची रीत शिकवावी लागते: आधी ठरव, मग बघ. हे आम्हांला लगेच पटले.

नागपूरच्या वाचकांनी यातले काही आपल्याच रस्त्यावर पाहिलेले असेल. २०२१ च्या सप्टेंबरात ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प नागपुरात सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि आपली महानगरपालिका असे सगळे त्यात होते. शहराच्या काही बसगाड्यांच्या काचेला समोर पाहणारा कॅमेरा लावला. पुढे गाडी फार जवळ आली किंवा माणूस आडवा आला तर तो ड्रायव्हरला आवाज देऊन सावध करायचा. अपघात निम्म्यापर्यंत कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आम्हांला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटली. कॅमेरा कुठे वारंवार ओरडतो त्याची नोंद ठेवून, जिथे अजून अपघात झालेला नाही पण होऊ शकतो अशा जागा शोधायच्या. माणूस मेल्यावर चौक दुरुस्त करायचा, ही आपली जुनी रीत.

यंत्राला शिकवायला चित्रे लागतात, आणि चित्रे कुठली हा प्रश्न मोठा आहे. गाड्यांच्या यंत्रांना शिकवणारा एक नावाजलेला चित्रसंग्रह २०१६ साली आला, तो बहुतेक जर्मनीतल्या शहरांचा. तिथे ना ऑटोरिक्षा, ना रस्त्यात बसलेली गाय. २०१८ साली हैदराबादच्या आयआयआयटीने हैदराबाद, बंगलोर आणि आसपासच्या रस्त्यांची दहा हजार चित्रे खुली केली. त्यात ऑटोरिक्षाला आणि जनावरांना स्वतंत्र खाना आहे. जे यंत्राला कधी दाखवलेच नाही, ते त्याच्या लेखी जगात नसते. अमेरिकेत २०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय बायांनी चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणारी विकत मिळणारी यंत्रे तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकही नव्हती. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्राची चूक शंभरात ३४ च्या वर गेली. कुणाला पाहायचे आणि कुणाला पाहून न पाहिल्यासारखे करायचे, याचा अनुभव आपल्या लोकांना यंत्र येण्याच्या फार आधीपासूनचा आहे. त्यामुळे आपल्या मुलांनी हे आकडे नीट वाचावेत असे आम्हांला वाटते.

पाहणे आणि समजणे यांतही अंतर असते. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेम्पी गावात एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. स्वतः चालणाऱ्या एका गाडीने तिला उडवले आणि ती मेली. सरकारी चौकशीत निघाले की गाडीला ती साडेपाच सेकंद आधी दिसली होती. पण यंत्र तिला कधी गाडी म्हणे, कधी सायकल म्हणे, कधी दुसरेच काही, आणि प्रत्येक वेळी ती कुठे जाणार याचा हिशेब नव्याने सुरू करी. झेब्रा पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हे त्याला कुणी शिकवलेलेच नव्हते. गाडीत देखरेखीला माणूस होता. त्याचे डोळे मोबाईलवर होते. हे वाचले तेव्हा आम्हांला आपला कामठी रोड आठवला. पट्टे पाहून रस्ता ओलांडणारा माणूस आपण शेवटचा कधी पाहिला?

आता घरातली गोष्ट. मुलीचे मामा बावीस वर्षांपासून गाडी चालवतात. आधी ट्रक, आता एका कंपनीच्या कामगारांची बस. पहाटे साडेचारला घर सोडतात. दीड वर्षापूर्वी त्यांच्या बसमध्ये दोन कॅमेरे बसवले, एक रस्त्याकडे आणि एक ड्रायव्हरच्या तोंडाकडे. दुसरा कॅमेरा पापणी किती वेळ मिटली, मान किती वळली ते मोजतो. मामा सांगतात की पहाटेच्या ड्युटीत एका सोबत्याला डुलकी लागली तेव्हा याच कॅमेऱ्याने त्याला जागे केले. आधी चालवत होते तेव्हा रिकाम्या लांब रस्त्यावर डोळे उघडे असून काहीच दिसत नसल्याचा अनुभव त्यांनाही आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, त्यानंतर पेपरात ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द वारंवार आला. मामा म्हणाले, नाव आता दिलं, रोग जुना आहे. तेव्हा कॅमेऱ्याला त्यांचा सरसकट विरोध नाही.

पण एका महिन्याला त्यांच्या पगारातून पाचशे रुपये कापले. कागदावर लिहिले होते, ‘लक्ष विचलित, चार वेळा’. मामा थेट आमच्या घरी आले आणि भाचीसमोर कागद टाकला.

"तुह्या मशीनीनं माह्ये पाचशे रुपये खाल्ले, पोरी."

"मामा, ती माझी मशीन नाही."

"तुही नाही त कोनाची? तूच त हे शिकून राहिली ना?"

पोरगी रडवेली झाली. मग तारखा-वेळा पाहून मामांना आठवत गेले. एकदा एक कामगार बाई लेकरू कडेवर घेऊन डावीकडून बसमागे पळत येत होती. मामांनी बस हळू केली आणि आरशात पाहत राहिले, की ती चाकाजवळ तर नाही. कॅमेऱ्याला काय दिसले? मान डावीकडे, तीन सेकंद. तो फक्त तोंडाकडे पाहणारा. मामा कशाकडे पाहत होते ते त्याला दिसत नव्हते. यार्बुसचा धडा इथे कामाला आला. डोळे कुठे गेले एवढे कळून भागत नाही, मनात प्रश्न कोणता होता ते कळायला हवे. मुलीने मामांना अर्ज लिहून दिला. त्यात ‘रस्त्याच्या कॅमेऱ्याचे त्याच क्षणाचे चित्र सोबत पाहावे’ एवढीच मागणी होती. आधी उत्तर मिळाले की रिपोर्ट कॉम्प्युटरने काढला आहे, त्यात पाहायचे काय? मग आणखी तीन ड्रायव्हरांनी सही केली. शेवटी चित्रे पाहिली गेली. चारपैकी दोन नोंदी खोडल्या, दोन राहिल्या, आणि अडीचशे रुपये परत आले. राहिलेल्या दोनांपैकी एक खरी होती, असे मामाच म्हणतात. दुसरीसाठी ते अजून भांडत आहेत.

नोकरीची भीती याहून मोठी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी नागपुरातच सांगितले होते की ड्रायव्हरांचे रोजगार जातील म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. मामांनी ते ऐकले आहे. पण मिलवाल्यांनाही बरेच काही सांगितले गेले होते, हेही त्यांना माहीत आहे. पोराला ड्रायव्हर करायचे नाही एवढे त्यांनी ठरवले आहे. भाचीकडून तो गणित शिकतो. बारावीला गणित सोडू नका, असे ती वस्तीतल्या सगळ्या मुलांना सांगत फिरते; या विषयाला पुढे तेच लागते, आणि आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे धडे मोबाईलवर फुकट बघता येतात.

या सगळ्यातून तिच्या प्रोजेक्टने वळण घेतले. यंत्राला शिकवणारी चित्रे कुणीतरी हाताने खुणा करून ठेवलेली असतात. २००९ साली आलेल्या ‘इमेजनेट’ नावाच्या प्रचंड संग्रहावर १६७ देशांतल्या सुमारे ४९ हजार लोकांनी इंटरनेटवरून तुटपुंज्या मजुरीवर खुणा केल्या होत्या. मुलीने ठरवले की आपल्या रोबोला कुठे पाहायचे ते मामांकडून शिकवायचे. तिने मोबाईलने नागपूरच्या रस्त्यांचे तीनशे फोटो काढले. इंदोरा, कमाल चौक, पाचपावली, सीताबर्डी, बुटीबोरीकडे जाणारा वर्धा रोड. दर रविवारी जेवण झाल्यावर मामा लॅपटॉपसमोर बसतात आणि प्रत्येक फोटोवर, गाडी चालवत असतो तर आधी कुठे पाहिले असते, तिथे चौकोन काढतात. मग दुसरे, मग तिसरे. चहा दोनदा लागतो. "याची मजुरी कोन देईन?" असे विचारून झाले आहे, पहिल्या पगारात देईन, असे भाचीने कबूल केले आहे.

मागच्या रविवारी कमाल चौकातला एक फोटो आला. समोर लाल रंगाचा मोठा ट्रक, डावीकडे दोन ऑटो उभे. यंत्राच्या नकाशात ट्रक लालभडक झाला होता. मामांनी ट्रकला दुसरा नंबर दिला. पहिला चौकोन त्यांनी दोन ऑटोंच्या मधल्या रिकाम्या जागेवर काढला. मुलगी म्हणाली, "मामा, इथे तर काहीच नाही."

"आता नाही," मामा म्हणाले. "अथून लेकरू निंगते."

मुलीने तो फोटो वेगळा काढून ठेवला. अशा रिकाम्या जागेवरच्या खुणा तिने मोजल्या, तर तीनशेपैकी एकशे अठरा झालेल्या फोटोंत एकेचाळीस निघाल्या. यंत्राच्या नकाशात त्यांतली एकही उजळलेली नव्हती. उरलेले फोटो दिवाळीच्या आधी संपवायचे आहेत.